लिंबाजीचं शेपटीवालं गिरमिट

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं म्हनतात. मी रोज घेते, उठता-बसता घेते, आन मानूस अजून टुनटुनीत हाय. लिंबाजी. घ्या, घेतलं. तिकडं बाजंवर बसून बिडी वढायलेत, काय झालं न्हाई त्यांना. आता सांगायले ती गोष्ट त्यांचीच हाय. ऐकायची असंल तर मधी बोलू नका. मधी कोनी बोललं की मला राग येतो, आन राग आला की मी गोष्ट सोडून भलतंच बोलते.

आमचं गाव झरीपासून कोसभर आत. बुद्धवाडा वढ्याच्या अल्याड, गाव पल्याड. लिंबाजीला समदे भोंगेवाला म्हनायचे. दोन भोंगे, एक मशीन, थोड्या रेकार्डी आन मोटारीची एक बॅटरी, येवढा त्यांचा कारभार. गावात इजेचे खांब उभे व्हते, पन खांबावर तारा न्हाईत. तिकडं येलदरीला पान्यावर वीज तयार व्हायची, हिकडं आमच्या खांबावर कावळे बसायचे. म्हनून भोंगा बॅटरीवर. बॅटरी संपली की सायकलला बांधायची आन परभनीला चार्जिंगला न्यायची.

लगीन कुनाचं बी असो, भोंगा लिंबाजीचा. पन लिंबाजी बसायचे कुटं? मांडवाच्या बाहीर, लिंबाखाली. गान्याचा आवाज ओसरी वलांडून माजघरात जायचा, चुलीपर्यंत जायचा, आन गानं लावनारा मानूस बाहीरच. म्या म्हनायचं, "तुमच्यापरीस तुमचा भोंगा नशीबवान." तर हे हासायचे. ह्या मानसाला राग कसा तो येतच न्हाई. त्यांच्या वाटनीचा बी मलाच आलाय.

नामांतराच्या गडबडीच्या आधीची गोष्ट. दुष्काळ मागं पडला व्हता, मानसं जरा जेवून-खाऊन सुखी व्हती. लिंबाजी जुना भोंगा घ्यायला हैद्राबादला गेले. तितं बेस्तरवारी जुमेरात बाजार भरतो, दुनियेचं जुनं सामान येतं. परत आले तर भोंगा न्हाई. पिशवीतून एक यंत्र काढलं, पिस्तुलावानी.

म्या म्हनलं, "हे काय? डाका घालायचा इचार हाय का?"

"अगं, गिरमिट हाय. इजेवर चालतं, पन वायर न्हाई. सेल आतच हायत. बटन दाबलं की भोक."

बाजारातल्या मानसानं त्यांना सांगितलं व्हतं, "वायर-बियर कुछ नै चचा, बटन दबाव और चलाव." तितं फळीला भोक पाडून बी दाखवलं म्हने. हितं आल्यावर लिंबाजीनं अख्खा बुद्धवाडा गोळा केला. बाजंच्या पायाला एक भोक पाडलं. लोकं म्हनले वा वा. दुसरं अर्ध्यावर गेलं आन गिरमिटानं मान टाकली. लोकं हासत घरी गेले. मी हासले न्हाई, मी बोलले. काय बोलले ते सांगत न्हाई, हितं लेकी-सुना बसल्यात.

गिरमिटाची मूठ खोलली तर आत बोटायेवढे सेल, एकाला एक चिटकवलेले, आन समदे फुगून पांढरे पडलेले. परभनीच्या रेडिओवाल्यानं बघितलं आन म्हनला, हे सेल हिकडं मिळत न्हाईत, भंगारात टाका. दुसरा असता तर टाकलं असतं. हे म्हनले, "सेल मेलेत. गिरमिट कुटं मेलंय?"

मग सेल काढून त्या जागी लाकडाचा ठोकळा बसवला. ठोकळ्याला दोन पितळी पट्ट्या, पट्ट्यांना दोन तारा, आन तारांची दुसरी टोकं लावली भोंग्याच्या बॅटरीला. दाबलं बटन.

अगं माय माय! असं किंचाळलं ते गिरमिट की कोंबड्या कुडावर चढल्या. मुठीतून धूर निघाला. म्या इचार केला न्हाई, घागर उचलली आन गिरमिटावर रिकामी केली. गिरमिटावर आन लिंबाजीवर. त्या दिवशी मात्र त्यांना बी राग आला असावा, कारन रातच्याला भाकर मागून घेतली न्हाई, सोता वाढून घेतली. गिरमिट पुढं कितीक दिस कुरडयांच्या शेजारी उनात वाळत पडलं व्हतं.

पन नाद सुटंना. मोटारीच्या बॅटरीला सहा कप्पे असतात. आताच्या बॅटऱ्या वरून बंद येतात. तवाच्या बॅटरीवर डांबर असायचं, आन डांबराखाली एक कप्पा दुसऱ्याला जोडनारी शिशाची पट्टी. हे म्हनले, "चतुरा, चूक माझीच झाली. लेकराला चतकोर भाकर पायजे व्हती, म्या टोपलं पालथं केलं." मग ईळतीनं डांबर खरवडून पट्ट्या उघड्या केल्या. ईळती माझी, भाजी चिरायची, बरं का! तीन कप्प्यांवर तारा लावल्या, तर गिरमिट पेंगायलं. पाचांवर लावल्या, तर पिसाळलं. चारांवर लावल्या तवा कसं गुमान, मन लावून फिरायला लागलं. लिंबाजीच्या तोंडाकडं बघायसारखं व्हतं तवा. पयल्या लेकराच्या टायमाला बी येवढं हासले नव्हते.

तिकडं चार्जिंगवाला हैरान. बॅटरी नेली की चार कप्पे रिकामे आन दोन भरलेले. म्हनायचा, "लिंबाजी, ही काय पंगत हाय का? चौघांनी राबायचं आन दोघांनी बसून खायचं!" मग हे एक दिस ह्या अंगाचे चार कप्पे वापरायचे, दुसऱ्या दिशी त्या अंगाचे. बॅटरीला बाभळीची पेटी केली, खांद्याला पट्टा केला. उचलली की वासरू उचलल्यावानी जड.

आन तार ठेवली दोन हात. जास्त न्हाई. त्याचं कारन असं की एकदा झाडावर भोंगा बांधायचा व्हता, तवा पेटी खाली ठेवून लांब तार घेऊन हे वर चढले, तर गिरमिट फिरंचना. तार लांबली की करंट वाटंतच दमतो, हे त्यांना फांदीवर बसून कळलं. म्हनून जितं गिरमिट तितं पेटी, आन जितं पेटी तितं लिंबाजी.

लोकं चिडवायचे, "बिनवायरीच्या गिरमिटाला शेपूट फुटलं रं!" फुटू द्या. कुनाच्या बाजंला भोक, कुनाच्या दाराला, कुनाच्या गाडीला. पन समदं काम आमच्याच वाड्यात न्हाई तर रानात. गावातल्या घरात कोनी बोलावलं न्हाई. नागनाथ सुतार आधी फुगून बसला, मग सोताच यायला लागला. बाभळीच्या गाठीतून हातानं गिरमिट फिरवून त्याची खांदं भरून यायची, त्याला काय कळंना व्हय.

आता खरी गोष्ट ऐका.

गावात भगवानराव म्हनून मोठे शेतकरी. सागवानी माळवद, पुढं ओसरी, आत माजघर. त्यांची आई केशरबाई, लय करारी म्हातारी. भगवानरावाची लेक रुख्मिणी बाळंतपनाला माहेरी आलती. हे तिसरं. आधीची दोन लेकरं पाळन्यातच गेली. दोनी बारीला पोरगी पोटुशी असताना त्या घरात सुतारकाम निघालं व्हतं. आता पोटुशी बाई घरात असताना ठोकाठोक करू नये म्हनतात. केशरबाईनं मनात घेतलं की त्या ठोकन्यानंच लेकरं गेली. मग काय! पाळन्याच्या जुन्या कड्या तुळईतून उपटून नदीत टाकायला लावल्या. ह्या बारीला रुख्मिणी आल्यापासून घरात हातोडीला बंदी. खुटा ठोकायचा न्हाई, खिळा ठोकायचा न्हाई. मिरच्या कुटायच्या त्या बी शेजारच्याच्या उखळात.

लेक झाली, चांगली गुटगुटीत. बारसं तोंडावर आलं. पाळना टांगायचा कसा? जुन्या भोकांत टांगायचा न्हाई, असं म्हातारीनं बजावलेलं. तुळईवर फळ्या चिकटून बसलेल्या, दोरी आत जायला फट न्हाई. नागनाथ सुतारानं बघितलं. आडवं भोक पाडून बोल्ट घालावा तर हातगिरमिटाचा दांडा वरच्या फळ्यांना अडायला, फिरायला जागाच न्हाई. किकरं, म्हंजी सुताराची छिन्नी, लावून हातोडी मारावी तर म्हातारी त्याच्याच टकुऱ्यात मारनार. त्यानंच सांगितलं, "ठोकायचं न्हाई म्हनता, तर लिंबाजीचं शेपटीवालं हाय. ते नुसतं फिरतं."

दुसऱ्या दिशी भगवानरावाचा गडी सटवाजी आमच्या दारात.

"लिंब्या हाय का घरी? मालकांनी मशीन मागितलंय."

म्या इचारलं, "मशीन मागितलंय. आन मानूस?"

"मानसाचं काय काम? दत्तराव चालवतेत." दत्तराव म्हंजी भगवानरावाचा पोरगा, परभनीला कालेजात जायचा.

माझं टाळकं सरकलं. आवाज आत चालतो, मशीन आत चालतं, फक्त ह्यो मानूस चालत न्हाई व्हय? तवाच म्या ठरवलं. त्या माजघरात गिरमिट जाईल तर लिंबाजीच्या हातात जाईल, पुढच्या दारानं जाईल. न्हाई तर त्यांचं बारसं सुपात होऊ द्या, माझं काय अडलंय? असं म्या सटवाजीला तोंडावर सांगनार, तेवढ्यात लिंबाजीनं मुठीचं गिरमिट त्याच्या हातात देऊन टाकलं. पेटी न देता, नुसतं गिरमिट.

सटवाजी गेल्यावर म्या ह्यांना फाडून खाल्लं. "तुमाला काय इज्जत हाय का न्हाई? मागितलं की दिलं!"

"दिलं की," म्हनले. "येतंय बघ परत."

आलं. सटवाजी घामाघूम. "बटन दाबून दाबून दत्तरावाचा अंगठा सुजला. चालंना."

"अरं, जेवल्याबिगर कोन चालतंय? पेटी ऱ्हायली." दिली पेटी. सटवाजी वाकत वाकत घेऊन गेला.

दिस कलला तसा गिरमिट आन पेटी दोनी वापस घेऊन पुन्हा आला. आता म्हने मशीन फिरतंय, भरभरा फिरतंय, पन लाकूड खाईना, नुसतं चाटायलंय. लिंबाजीला हासू आवरंना. दत्तरावानं तारा उलट्या लावल्या व्हत्या. तारा उलट लावल्या की गिरमिट उलटं फिरतं. पन हे ह्यांनी सटवाजीला सांगितलं न्हाई. कालेजात ते शिकवलं नसंल, न्हाई तर त्या दिशी पोरगं सिनेमाला गेलं असंल.

चौथ्या बारीला सटवाजी आला तो बारशाच्या दिशी सकाळी, आन दारातूनच म्हनला, "लिंबाजी, मालकांनी बोलावलंय. ओसरीवर या." बघा, लिंब्याचा लिंबाजी झाला! गरज पडली की नाव लांबतं.

मी बी निघाले. धाकटा कडंवर घेतला, अंगावर पीत व्हता, ठेवनार कुनापाशी? आन खरं सांगू? मला माझ्या डोळ्यानं बघायचं व्हतं की हे आत जातेत का तसेच ओसरीवरून वापस येतेत.

भगवानराव काय वाईट मानूस नव्हता. आमच्या लोकांशी नीट बोलायचा. फक्त नीट बोलायचा ते ओसरीवरून. बारशाच्या बाया जमायला लागल्या व्हत्या, आत भांड्यांचा आवाज, शिऱ्याचा वास. भगवानराव म्हनले, "लिंबाजी, पेटी हितं ओसरीच्या कडंला ठेव. आपन तार लांब करू. तू हितं बसून तारा धर, दत्ता आत भोक पाडंल."

मी तोंड उघडनार, तर ह्यांनी माझ्याकडं बघितलं. म्हनले, "करा की लांब."

आता तार आनायची कुठून? सटवाजीनं कुंपनाची तार आनली. लोखंडी, गंजलेली, मधी मधी काट्याची! दोन पदर ओसरीवरून माजघरापर्यंत नेले, एक पदर उंबऱ्यापाशी एका म्हातारीच्या लुगड्यात अडकला, तो सोडवता सोडवता दुसरा पदर दत्तरावाच्या केसात. शेवटी दत्तराव आत शिडीवर चढला. दाबलं बटन.

घर्र. घर्र. आन गप.

आतल्या बाया खुदखुदल्या. आतून केशरबाईचा आवाज आला, "काय झालं रं? रडतंय कामून ते?"

लिंबाजी ओसरीच्या खालून म्हनले, "आजी, तार लांबली की करंट वाटंतच दमतो. पेटी गिरमिटाच्या जवळ पायजे."

"मग आन की जवळ!"

भगवानराव खांबाकडं बघायला लागले. तेवढ्यात दत्तराव शिडीवरून उतरला, म्हनला मी नेतो पेटी, आन दोनी हातांनी हिसका मारून उचलली. लिंबाजी वरडले, "तेजाब हाय, आडवी करू नका!" पन ऐकतो कोन? तेजाब सांडलं ते त्याच्या नव्या टेरीकॉटच्या पँटीवर, आन बघता बघता मांडीवर ही येवढी भोकं! सकाळपासून त्या घरात पयलं भोक पडलं ते दत्तरावाच्या पँटीला. पोरगं पाय झाडत हौदाकडं पळालं. मला लय हासू आलं. पदर तोंडात घालून उभी ऱ्हायले.

मग केशरबाई उंबऱ्यात आली. हातात काठी. आधी तारांकडं बघितलं, मग पेटीकडं, मग लिंबाजीकडं. लेकाला म्हनली, "भगवान, हा मानूस आत आला तर काय होतं?"

"आई, आपली रीत..."

"रीत मला शिकवू नको. रीतीनं ठोकलं तवा दोन लेकरं गेली." मग लिंबाजीला, "तू ठोकनार न्हाईस ना?"

"आजी, हातोडी घरीच ठेवून आलोय."

"मग ये."

लिंबाजी हालले न्हाईत. म्हनले, "माझी मंडळी बी येईल. मी शिडीवर असताना पेटी वर धरून उभं ऱ्हायला मानूस लागतं. तार दोन हातच हाय."

म्हातारीनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "ये बाई. लेकराला संबाळ, उंबरा उंच हाय."

घराबाहीर लय बडबड करनारी मी, पन उंबरा वलांडताना म्या लेकराला छातीशी आवळून धरलं, खोटं कामून बोलू? दोन्हीकडं बाया उभ्या, लुगडी आवरून. मला मालूम व्हतं, आमी गेल्यावर मागून गोमूत्र शिंपडतील. शिंपडा म्हनलं. आधी आत तर जाऊ द्या.

लेकरू पाठीला बांधलं, पेटी शिडीच्या वरच्या दांड्यावर टेकवून दोनी हातांनी धरली. लिंबाजी वर चढले. तारा लावल्या, चार कप्पे मोजून, बराबर. सागवान लय जुनं, दगडावानी. पन गिरमिट भुंग्यावानी गुनगुनत आत शिरलं. मधी मधी थांबून त्याला गार होऊ द्यायचं, पुन्हा दाबायचं. लाल भुसा माझ्या डोक्यावर पडत व्हता. केशरबाई भिंतीला तळहात लावून उभी व्हती, कुटं दनका बसतो का ते बघायला. एक भोक झालं. दुसरं झालं. भिंत हालली न्हाई, माती पडली न्हाई, आतल्या खोलीत झोपलेली रुख्मिणीची लेक जागी झाली न्हाई. म्हातारीनं हात काढला आन तळहाताकडं बघत बसली, जसं काय त्याच्यावर काय लिवलेलं हाय.

नागनाथानं बोल्ट दिले, कड्या दिल्या. पाळना टांगला. खाली नवी गोधडी, बायांनी बारशासाठी शिवलेली, रंगीत चिंध्यांची. एक बाई वरवंटा घेऊन आली. पाळना रिकामा हालवत न्हाईत, लेकराच्या आधी त्यात वरवंटा घालतात, तशी रीतच हाय.

केशरबाई म्हनली, "वरवंटा न्हाई. मागं दोनी बारीला वरवंटाच घातला व्हता." आन माझ्याकडं वळली. "तुला लेकरं किती गं?"

"पाच."

"समदी हायत?"

"समदी हायत."

"मग आधी हे निजव."

भगवानराव ओसरीवर खाकरले. आन आता गंमत बघा. मघापासून मीच फुरफुरत व्हते, ह्यांनी आत घेतलं पायजे, मानूस समजलं पायजे. आता आत घेऊन पाळन्यात लेकरू निजव म्हनले, तर माझेच हात मागं सरले. आमी धम्म घेतलेली मानसं. असलं काय मानत न्हाई, म्या सोता बायांच्या बैठकीत उभं ऱ्हाऊन सांगितलंय. पन आईचं काळीज बैठकीत बसत न्हाई. माझ्या डोळ्यासमोर ती दोन गेलेली लेकरं आली. ज्या घरात दोन पाळने रिकामे झाले, त्या घरात माझं निजवू?

म्या लिंबाजीकडं बघितलं. ते अजून शिडीवरच व्हते, केसात भुसा. हळूच म्हनले, "तुझं लेकरू हाय, तू बग. पन भोकं म्या पाडलीत, चतुरा. पक्की हायत."

आतल्या खोलीच्या दारात रुख्मिणी येऊन उभी व्हती, लेक छातीशी धरून. माझे हात कामून मागं सरले ते तिला कळलं व्हतं, आन तिचे डोळे भरून आले. मला माझीच शरम वाटली. पाठीवरनं लेकरू सोडलं आन पाळन्यात निजवलं.

केशरबाईनं दोरी वढली. पाळना हालला, कड्या कुरकुरल्या बी न्हाईत. माझा ठोंब्या पाय झाडून खिदळायला लागला. बाया हासल्या. आन तेवढ्यात त्यानं काय केलं म्हनता? मुतला! सरळ धार, नव्या कोऱ्या गोधडीवर. पाळन्यातून खाली ठिबकायला लागलं.

हासू जागच्या जागी थांबलं. माझी तर पाचावर धारन बसली. येवढ्या बाया, येवढी रीत, बारशाची गोधडी, आन बुद्धवाड्यातल्या पोरानं केली वल्ली! म्या वाकून गोधडीचं टोक धरलं, "धुऊन आनते मी, आत्ता आनते," म्हनलं.

केशरबाईनं माझं मनगट धरलं. हाताची कातडी कागदावानी, पन पकड कशी! म्हनली, "ऱ्हाऊ दे." मग वाकून माझ्या पोराला तिनंच उचललं, वल्लं ढुंगन तसंच खांद्याशी घेतलं, आन रुख्मिणीला म्हनली, "निजव लेकीला. वल्ल्यातच निजव."

रुख्मिणीनं आपली लेक त्या वल्ल्या गोधडीवर निजवली आन दोरी माझ्या हातात दिली. मी रडायले, पाळना हालवायले, आन हे शिडीवर बसून खुळ्यावानी हासायलेत. केशरबाईच्या खांद्यावर माझं लेकरू झोपून गेलं व्हतं. शिरा खाऊन बाया घरोघर गेल्या, तरी तिनं ते खाली ठेवलं न्हाई, आन ते परत मागायला मला तोंडच फुटंना.